बॅकअप होता, पण कुठे होता?

आयटीत नोकरी लागली की घरचे, नातेवाईक आणि गल्लीतले सगळे मिळून तुम्हाला आणखी एक बिनपगारी नोकरी देतात. प्रिंटर चालत नाही, वायफाय तुटतं, मोबाईलची जागा संपली, सगळं तुमच्याकडे येतं. यातली बहुतेक कामं फोनवर उरकतात. पण "अरे, त्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप होत नाहीये बघ" असा फोन आला की मी खुर्ची ओढून नीट बसतो. कारण तो फोन सहसा उशिरा आलेला असतो.

मंडळी, बॅकअप म्हटलं की आपल्याला केबल, सॉफ्टवेअर, जीबी-टीबी आठवतात. पण हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना आहे. आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेतच, १९४८ साली तो एकदा फार वाईट पद्धतीने विचारला गेला होता. तेव्हा ना हार्ड डिस्क होती ना यूएसबी. पण गोष्ट वाचलीत तर तुमच्या लक्षात येईल की चुका आजच्याच होत्या.

जयप्रभाची आग

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. बाबूराव पेंटर नावाच्या अवलियाने इथे परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता स्वतःचा कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांच्याच हाताखाली शिकलेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीने १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, तीसुद्धा कोल्हापुरातच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. त्याच सुमारास राजाराम महाराजांच्या पाठबळाने कोल्हापूर सिनेटोन सुरू झालं. मंगळवार पेठेतला हाच स्टुडिओ पुढे 'जयप्रभा' म्हणून ओळखला गेला आणि भालजी पेंढारकरांच्या ताब्यात आला.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि व्यवसायांवर हल्ले झाले. कोल्हापूरही पेटलं आणि त्यात जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. सेट, सामान तर गेलंच, पण 'मीठ भाकर' या सिनेमाचं झालेलं कामही आगीत गेलं.

इथे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू. सिनेमाची निगेटिव्ह म्हणजे मास्टर कॉपी, आपल्या भाषेत सोर्स कोड. तिच्यावरून काढलेल्या प्रिंट म्हणजे बिल्ड. सिनेमा प्रदर्शित झाला की प्रिंट गावोगावी जातात. मिरजेला एक, बेळगावला एक, मुंबईला चार. मूळ जळालं तरी कुठून तरी एखादी खरचटलेली प्रिंट मिळते. पण जो सिनेमा अजून प्रदर्शितच झाला नाही, त्याचं सगळं एकाच आवारात असतं: निगेटिव्ह तिथे, तिच्यावरून काही काढलं असेल तर तेही तिथे. म्हणजे सगळ्यात ताजं आणि सगळ्यात जास्त मेहनतीचं कामच सगळ्यात जास्त धोक्यात. तुमच्या लॅपटॉपवरचं बघा. दहा वर्षांपूर्वीचे सहलीचे फोटो चार ठिकाणी सापडतील, पण परवापासून ज्यावर रात्री जागताय ती फाइल फक्त एकाच जागी असेल.

भालजींनी काय केलं? स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि 'मीठ भाकर'ही पुन्हा बनवला. तो १९४९ मध्ये आला. म्हणजे 'रिस्टोअर' झालं, पण ते माणसांच्या डोक्यातून आणि पदरच्या पैशातून. गोष्ट लेखक-दिग्दर्शकाच्या डोक्यात होती आणि कलाकार-तंत्रज्ञ जिवंत होते, म्हणून जमलं. त्यासाठी कर्जाचा जो भार पडला तो पुढे वर्षानुवर्षं राहिला आणि शेवटी स्टुडिओ लता मंगेशकरांकडे गेला. २०२२ मध्ये ती जागा विकली गेल्याचं समोर आलं तेव्हा कोल्हापूरकर कलाकार रस्त्यावर उतरले होते, ते काहींना आठवत असेल.

दंगल नसतानाही जातं ते

आग लावणारा जमाव रोज येत नाही. त्यामुळे 'आपल्याकडे असं कुठे होतंय' असं वाटणं साहजिक आहे. पण सिनेमाच्या रिळांचं खरं नुकसान जमावाने केलंच नाही. ते कपाटातल्या कपाटात झालं.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. सेल्युलोज नायट्रेट हे बंदुकीच्या कापसाचं चुलत भावंड. एकदा पेटलं की जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन ते स्वतःच पुरवतं, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहतं. आणि नाही पेटलं तरी उष्ण, दमट हवेत ते हळूहळू सडतं. आधी चित्र फिकट होतं, मग फिल्म चिकट होते, थर एकमेकांना चिकटतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. डबा बाहेरून मात्र तसाच दिसतो. वरचं लेबलही शाबूत असतं. आणि जे सडलं नाही, त्यातलं बरंचसं फिल्ममधली चांदी काढण्यासाठी भंगारात गेलं.

परिणाम काय झाला? भारतात मूकपटांच्या जमान्यात तेराशेच्या वर सिनेमे बनले. त्यातले अख्खे आणि तुकड्यातले मिळून जेमतेम तीसेक उरले. बाबूरावांचा 'सैरंध्री' गेला. शेतकऱ्याच्या कर्जावरचा त्यांचा 'सावकारी पाश' (१९२५) गेला. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कुठेही उपलब्ध नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचंच उरलं.

जे वाचलं ते कसं वाचलं? बहुतेक वेळा कुणीतरी मुद्दाम शोधून, डबे उघडून, नवीन फिल्मवर उतरवून घेतलं म्हणून. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि तिथे पी. के. नायर नावाच्या माणसाने गावोगावच्या थिएटरांतून, गोदामांतून, निर्मात्यांच्या घरांतून डबे गोळा केले. फाळक्यांचे जे तुकडे आज आपण यूट्यूबवर बघतो, ते या खटाटोपामुळे.

आता पुण्यातलाच दुसरा प्रसंग. प्रभातचा जुना स्टुडिओ १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट झाला. त्याच आवारात नायट्रेट फिल्मचं कोठार होतं. ८ जानेवारी २००३ ला तिथे आग लागली आणि शेकडो सिनेमांची हजारो रिळं जळाली, त्यात प्रभातची जुनी रिळंही होती. बातमी वाचून लोक हळहळले. पण 'संत तुकाराम' (१९३६) आजही आपण बघू शकतो, कारण त्यातल्या बऱ्याच सिनेमांच्या प्रती आगीच्या आधीच सुरक्षित अॅसिटेट फिल्मवर काढून वेगळ्या ठेवल्या होत्या. मूळ रिळाची सर प्रतीला नाही हे खरं. फिल्मच्या प्रतीची प्रत काढली की प्रत्येक वेळी थोडा तपशील उडतो. तरीही सिनेमा राहिला.

१९४८ आणि २००३. दोन्ही आगीच. एकीनंतर सिनेमा पुन्हा बनवावा लागला, दुसरीनंतर कपाटातून दुसरा डबा काढता आला. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी प्रत वेगळ्या जागी होती, आणि ती नीट आहे हे कुणाला तरी माहीत होतं.

आता आपली डबी

हार्ड डिस्कचा इतिहास एका परिच्छेदात उरकतो. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र आणलं. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्यात मिळून साधारण ५ एमबी माहिती मावायची. म्हणजे आजच्या मोबाईलमधला एक फोटो. १९८० मध्ये सीगेटने तेवढेच ५ एमबी टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवले. यूएसबी २.० हे २००० मध्ये आलं आणि मग हार्ड डिस्क खिशातून फिरायला लागली. आतली रचना मात्र तीच: फिरणारी तबकडी आणि तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगणारं हेड. हे अंतर इतकं कमी आहे की चालू डिस्क टेबलावरून पडली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

डिजिटल कॉपीचा मोठा फायदा म्हणजे प्रतीच्या प्रतीत काही उडत नाही. हजारावी कॉपीसुद्धा पहिल्याइतकीच शुद्ध. तोटा असा की फिल्म उजेडासमोर धरली तर निदान काय आहे ते दिसतं. बंद पडलेली हार्ड डिस्क उजेडासमोर धरून काही दिसत नाही. बीबीसीने १९८६ मध्ये इंग्लंडचं सगळं लोकजीवन लेझर डिस्कवर साठवण्याचा मोठा प्रकल्प केला, १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक'ला नऊशे वर्षं झाली म्हणून. पंधरा-वीस वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली. मूळचं चामड्यावरचं पुस्तक अजून वाचता येतं.

तर मूळ मुद्दा, बॅकअप का होत नाही. मंगळवार पेठेतलेच एक काका आहेत, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतात. पेठेतली लग्नं, बारशी, तालमीचे कार्यक्रम, गणपतीच्या मिरवणुका असं बारा-चौदा वर्षांचं काम त्यांच्याकडे आहे. त्यातली काही माणसं आता नाहीत. त्यांचे हलते-बोलते शेवटचे व्हिडिओ फक्त काकांच्याच कॉम्प्युटरवर आहेत, कारण घरच्यांना दिलेल्या सीडी केव्हाच ओरखडल्या. मी विचारलं, "काका, बॅकअप घेताय ना?" तर म्हणाले, "रोज घेतोय की रे! रात्री अकराला आपोआप होतंय. हिरवं टिक पण येतंय बघ."

हिरवं टिक खरंच येत होतं. डिस्क उघडून बघितली तर शेवटची फाइल आठ महिन्यांपूर्वीची. एका जागी चार वेगवेगळे आजार निघाले आणि हे चारही इतके सगळीकडे दिसतात की नीट सांगतो.

पहिला, ड्राइव्हचं अक्षर. डिस्क आधी 'एफ' होती. काकांनी कार्ड रीडर लावला, 'एफ' त्याने घेतलं आणि डिस्क झाली 'जी'. बॅकअपचं काम इमानदारीत रोज 'एफ'कडे जायचं, तिथे काही सापडायचं नाही, आणि काम 'चालवलं गेलं' एवढ्यावरच टिक यायचं. उपाय सोपा: डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला कायमचं एक अक्षर द्यायचं, मागचं काहीतरी. आम्ही 'क्यू' दिलं.

दुसरा, मोठ्या फाइल्स. डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. त्यात फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. डिस्कवर निम्मी जागा मोकळी असली तरी नाही. फोटो जात होते, लग्नाचे मोठे व्हिडिओ गाळले जात होते. आधी डिस्कवरचं सगळं दुसरीकडे काढून घेतलं आणि मग एनटीएफएस केलं. (आधी काढून घ्या, मग फॉरमॅट. हा क्रम उलटा करू नका.)

तिसरा, केबल आणि करंट. डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, लांब स्वस्त केबलने जोडलेली. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत असं ठरलेलं आहे. डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त ओढू शकते. मग ती मधेच गायब होते, परत येते, टकटक आवाज करते. आवाज आला म्हणजे डिस्क गेलीच असं नाही. आधी केबल बदला, आखूड घ्या, मागच्या पोर्टला लावा. तरीही टकटक चालू राहिली तर मात्र दुरुस्तीचे प्रयोग करत बसायचं नाही, जे महत्त्वाचं आहे ते आधी उतरवून घ्यायचं. स्मार्ट नावाची नोंद डिस्कमध्येच असते. तिच्यात 'रिअॅलोकेटेड सेक्टर'चा आकडा वाढताना दिसला तर ती डिस्क निवृत्त करा.

चौथा, उघड्या फाइल्स. रात्री एडिटिंगचं सॉफ्टवेअर काका तसंच चालू ठेवून घरी जायचे. त्याची मुख्य फाइल कुलूपबंद असल्यामुळे रोज वगळली जायची. लॉगमध्ये ते रोज लिहून येत होतं. लॉग कुणी वाचत नव्हतं.

चार तास गेले, चार वेळा चहा झाला, सगळं सुरळीत झालं. मग मी दुसरी डिस्क घ्यायला लावली आणि ती दुकानात न ठेवता घरी ठेवायला सांगितली. काका म्हणाले, "आता दोन-दोन कशाला?" तर जयप्रभा स्टुडिओची गोष्ट सांगितली. ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. वडिलांकडून ऐकलेली. डिस्क त्याच दिवशी आणली.

मोठ्यांचंही असंच होतं

काकांना हसू नका. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना कुणीतरी चुकून डिलीटची कमांड चालवली आणि डोळ्यांदेखत पात्रं गायब व्हायला लागली. बॅकअप होता. तो काढायला गेल्यावर कळलं की तो महिनाभर नीट होतच नव्हता. वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टर बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून गाडीतून ऑफिसला आणला.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये रात्री दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि गरजेच्या वेळी एकही धड उपयोगी पडली नाही. रोजचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममुळे बंद पडला होता आणि तो बंद पडल्याचे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी योगायोगाने सहा तास आधी हाताने काढलेली एक प्रत कामी आली. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहिलं म्हणून आपल्याला माहीत आहे. न लिहिणाऱ्या कंपन्या किती असतील, देव जाणे.

बघा, जयप्रभा, पिक्सार, गिटलॅब आणि काकांचं दुकान यांत आकाराचा फरक आहे, आजाराचा नाही. प्रत त्याच जागी होती, किंवा प्रत होती असं वाटत होतं.

मग करायचं काय?

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने साधारण २००५ मध्ये एक नियम लोकप्रिय केला. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवा, आणि त्यातली एक वेगळ्या जागी ठेवा. हा नियम कॉम्प्युटरवाल्याकडून आला नाही, एका फोटोवाल्याकडून आला, याचं मला फार बरं वाटतं. घरच्यापुरतं सांगायचं तर एक प्रत कॉम्प्युटरवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा मावशीच्या घरी.

यात दोन गोष्टी माझ्याकडून. 'मिरर' किंवा 'सिंक' म्हणजे बॅकअप नाही. इकडे डिलीट केलं की ते तिकडेही डिलीट होतं. आणि डिस्क कायम जोडून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर फाइल्स कुलूपबंद केल्या, तेव्हा जोडलेल्या डिस्कही त्यात गेल्या. काम झालं की नीट 'इजेक्ट' करा, काढा, कपाटात ठेवा.

आणि वेगळी जागा म्हणजे खरंच वेगळी. कोल्हापूरकरांना हे पटवायला फार बोलावं लागू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क, पुराला दोन्ही सारखेच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अख्ख्या गावाने बघितलं. शाहू महाराजांनी बांधलेली १९१५ सालची वास्तू काही तासांत गेली. अशी वास्तू पुन्हा उभी करायची म्हटलं तरी आधी काय लागतं? नकाशे, मोजमापं, जुने फोटो. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीच.

सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात कमी लोक करतात ते काम: या रविवारी तुमची बॅकअपची डिस्क काढा, ती दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा आणि तिच्यातून एक फाइल परत आणून उघडून बघा. एखादा मोठा व्हिडिओ निवडा आणि तो शेवटपर्यंत चालतो का बघा. मग गेल्या आठवड्यातली एखादी फाइल तिच्यात आहे का तेही बघा. दहा मिनिटांचं काम आहे. हिरव्या टिकवर जाऊ नका, डबा उघडून बघा.

उघडली नाही तर घाबरू नका. वरच्या चार आजारांपैकी एखादा असण्याची शक्यता दाट आहे. मूळ फाइल्स अजून कॉम्प्युटरवर आहेत तोवर सगळं दुरुस्त होतं.

असो. फार लांबलं. काकांच्या दुकानात त्या दिवशी डिस्क उघडल्यावर पहिला जो व्हिडिओ आम्ही चालवून बघितला, त्यात पेठेतल्या एका आजी नातवाच्या हळदीत उखाणा घेत होत्या. त्या जाऊन पाच वर्षं झाली. काकांनी त्याच संध्याकाळी तो त्यांच्या घरच्यांना पाठवला. म्हणजे आता त्याच्या निदान सात-आठ प्रती झाल्या असतील.